ठरावावर सही करा, पण त्यातलं एक वाक्य आधी बदलून घ्या

या वेळचं पत्र चंदगड तालुक्यातून आलंय. नाव-गाव गाळून, थोडं आखडून इथे देते.

"ताई, नमस्कार. मी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गवंडीकाम करतात, हात चांगला आहे, पण रोज संध्याकाळी पितात. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. जेवून झोपतात. पण पैसा जातो. मी दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, तिथेच खाली त्यांच्या बाटलीचाही लिहायला लागले. दोन वर्षांपूर्वी रोज १३० रुपयांची एक इंग्लिशची क्वार्टर व्हायची. मग सरकारनं कर वाढवला आणि तीच २०५ ला झाली. आठवडाभर कुरकुरले आणि देशीवर आले. ती ८० ला मिळते. पण एकीनं भागत नाही म्हणतात, दोन लागतात. रविवारी कुणीतरी तिलारीच्या बाजूनं गोव्याची आणतो, ती वेगळीच. आता आमच्या बचत गटानं ठराव केलाय, 'दारूवरचा कर दुप्पट करा.' तहसीलदारांना निवेदन द्यायचं आहे. सगळ्याजणी सही करणार. माझा हात उचलत नाही. कर वाढला तर तो माझ्याच डब्यातून जाणार, हे मी बघितलंय. आणि सही नाही केली तर बायका म्हणतील, हिला नवऱ्याची दारू गोड लागते. माझा भाऊ गडहिंग्लजला परमिट रूममध्ये कामाला आहे, तो म्हणतो कर वाढला की आमची नोकरी जाईल. सांगा ताई, दारूवर कर घ्यायचा तर न्यायानं कसा घ्यायचा? आणि मी सही करू का?"

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी जिल्ह्याच्या सहकारी बँकेत काउंटरवर बावीस वर्षं काढली. महिन्याच्या सात-आठ तारखेला पासबुक घेऊन येणाऱ्या, तीनशे-पाचशे रुपये काढताना मागे वळून दाराकडे बघणाऱ्या कितीतरी बायका मला अजून आठवतात. पैसे कशाला हवेत हे आम्ही कुणी विचारत नव्हतो, कळत मात्र होतं. दारूवरच्या कराची चर्चा वर्तमानपत्रात होते तेव्हा त्यात कंपन्या असतात, बारमालक असतात, सरकारी तिजोरी असते. तुमचा घरखर्चाचा डबा त्यात नसतो. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या कॅलेंडरवरचाच हिशेब मांडू. १३० रुपयांची एक क्वार्टर, तीस दिवस, म्हणजे ३,९०० रुपये. आता ८० च्या दोन, म्हणजे दिवसाला १६० आणि महिन्याला ४,८००. रविवारची गोव्याची त्यात धरलेली नाही. घरातून ९०० रुपये जास्त गेले आणि पोटात एका क्वार्टरऐवजी दोन गेल्या. कर वाढवणाऱ्यांना यातलं काहीच नको असणार. तरी ते झालं, आणि ते का झालं यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१० जून २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यापैकी, म्हणजे आपण ज्याला इंग्लिश म्हणतो त्यापैकी, लिटरमागे २६० रुपयांपर्यंत खर्च दाखवलेल्या दारूवर उत्पादन शुल्क कंपनीने जाहीर केलेल्या उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट झालं. लिटरमागे १०० रुपये खर्च दाखवला तर आधी ३०० रुपये शुल्क, आता ४५०. देशीचा हिशेब वेगळा असतो. तिथे खर्च बघत नाहीत, दारूत मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल, किती ते बघतात आणि प्रूफ लिटरवर, म्हणजे ठरावीक कडकपणाच्या लिटरवर, शुल्क लावतात. ते १८० वरून २०५ रुपये झालं. म्हणजे एकीकडे दीडपट वाढ आणि दुसरीकडे लिटरमागे फक्त २५ रुपये. १८० मिलीच्या बाटलीची कमीत कमी किंमतही ठरवून दिली: देशी ८०, विदेशी २०५, उंची विदेशी ३६०. आणि देशी-विदेशीच्या मधोमध धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाची १४८ रुपयांची नवी पायरी काढली. बिअर आणि वाइनला हातही लावला नाही.

आधी देशी साठ-सत्तरला होती आणि स्वस्तातली इंग्लिश ११५ ते १३० ला. दोन्हींत साठेक रुपयांचं अंतर होतं. आता ते १२५ झालंय. तुमचे मालक काही वेगळे नाहीत. जिना उतरायला सोपा करून ठेवला की माणूस उतरतोच. दारू महाग झाली म्हणून त्यांनी पिणं कमी केलं नाही, कारण सगळी दारू सारखी महाग झालीच नाही. खालची पायरी जवळपास होती तिथेच राहिली.

माझं म्हणणं एवढंच आहे की कर बाटलीतल्या मद्यार्कावर लावा, लेबलवर नको. देशी असो, इंग्लिश असो, बिअर असो, शरीरात जाऊन काम करतो तो मद्यार्क एकच. हिशेब करून बघा. इंग्लिशच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलीत ते धरलं तर सुमारे ७७ मिली निव्वळ मद्यार्क. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची आठ टक्क्यांची बाटली घेतली तर ५२ मिली. पाच टक्क्यांची साधी बिअर घेतली तर साडेबत्तीस. देशीच्या बाटलीवरचा आकडा पुढच्या वेळी तुम्हीच वाचा. तो इंग्लिशच्या निम्म्यावर नसतो, किंमत मात्र निम्म्याहून कमी असते. तेवढ्याच पैशांत सगळ्यात जास्त नशा कुठे मिळते, हे पिणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. न्यायाचा कर तो, ज्यात ही पळवाट उरत नाही.

उत्पादन खर्चावर शुल्क लावण्यात आणखी एक गोम आहे. कंपनी जितकी स्वस्तात दारू बनवेल तितका कर कमी. म्हणजे हलकी, स्वस्त दारू बनवणाऱ्यालाच बक्षीस. मद्यार्कावर कर असला तर हे टळतं, आणि खर्च किती दाखवायचा यावरून होणारी ओढाताणही संपते.

ब्रिटनने हे केलं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तिथे सगळ्या दारूवरचा कर तीव्रतेच्या हिशेबाने लागतो, जितकी कडक तितका जास्त. स्कॉटलंड त्याच्याही आधी एका वेगळ्या वाटेने गेलं. १ मे २०१८ पासून तिथे मद्यार्काच्या दर १० मिलीमागे ५० पेन्सांपेक्षा स्वस्त दारू विकायला बंदी आली, आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती मर्यादा ६५ पेन्सांवर नेली. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने पाहणी केली तेव्हा निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि सगळ्यात जास्त फायदा गरीब वस्त्यांत झाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'कर वाढवून काही होत नाही' असं तुम्हाला बरेच जण सांगतील. होतं. ज्याला अजून सवय लागलेली नाही अशा पोराच्या बाबतीत तर नक्कीच होतं. तुमच्या गावातला विशीतला मुलगा पहिली बाटली घ्यायला निघतो तेव्हा खिशातली नोट मोजतोच.

पण त्याच पाहणीत दुसरीही गोष्ट आढळली, आणि ती तुमच्या घरातली आहे. ज्यांना दारूचं पक्कं व्यसन लागलं होतं, त्यांचं पिणं किंमत वाढून कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं नाही. काहींनी उलट खाण्यापिण्यात काटकसर करून दारूचा पैसा उभा केला. तुम्ही पत्रात लिहिलंत, 'तो माझ्याच डब्यातून जाणार', ते शब्द न् शब्द खरं आहे. तुमचं बघणं चुकलेलं नाही. बचत गटातल्या बायकाही चुकलेल्या नाहीत. कर गावाला वाचवतो, पण ज्या घरात व्यसन आधीच येऊन बसलंय त्या घराकडून वसुली करतो. म्हणून न्यायाचा दुसरा अर्धा भाग असा की या घरांकडून आलेल्या पैशातला काही भाग याच घरांकडे परत यायला हवा.

याही बाबतीत आकडाच बोलू द्या. जून २०२५ च्या वाढीतून वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा सरकारचा अंदाज होता. त्यातले शंभरातले दोनच रुपये व्यसनमुक्तीला बाजूला काढले तर २८० कोटी होतात. राज्यात ३६ जिल्हे आहेत. जिल्ह्याला पावणेआठ कोटींच्या आसपास. तेवढ्यात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी काही खाटा, औषधं, आठवड्यातून ठरल्या दिवशी येणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक नक्की मावतो. आज चंदगडच्या माणसाने उपचाराला पुण्यापर्यंत जायचं म्हटलं तर आठवडाभराची मजुरी बुडते, आणि त्याच्यासोबत कुणी जायचं तर तुमचीही.

आता तुमच्या सीमेवरच्या तालुक्याची गोष्ट. गोव्यात दारूवरचा कर आपल्यापेक्षा कमी आहे. 'गोवा बनावटीची दारू पकडली' ही बातमी तुमच्याकडे नवी नाही. इथला कर एका रात्रीत दीडपट केला की त्या दिवशी सगळ्यात खूश होतो तो टेम्पोवाला. राज्य सरकारला हे ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने आयात केलेल्या स्कॉचवरचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, ते याच कारणाने, की बाटल्या बाहेरून येतात आणि महसूल बुडतो. तो युक्तिवाद खोटा नव्हता. पण स्कॉच पिणाऱ्याला सूट आणि क्वार्टर घेणाऱ्याला दीडपट, असं साडेतीन वर्षांच्या अंतराने झालं, हे मला अजून खटकतं. विदेशीचा दर त्याआधी कित्येक वर्षं जागचा हलला नव्हता आणि मग एकदम उसळला. महागाई जशी दरवर्षी वाढते तसा कर दरवर्षी थोडा वाढत गेला असता तर ना कुणी पायऱ्या उतरलं असतं, ना तिलारीच्या वाटेवर एवढी वर्दळ झाली असती.

आणि गोव्याच्या दारूपेक्षाही जास्त भीती हातभट्टीची. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले. देशीही परवडेनाशी झाली आणि गावठी भट्टीवर कुणाचा वचक नसला तर माणूस तिथे जाणार. म्हणून मी 'देशीचा कर वाढवा' म्हणते तेव्हा त्याच दमात 'भट्ट्या मोडा' असंही म्हणते. एक करून दुसरं न करणं हा मजुराच्या जिवाशी खेळ आहे.

तुमच्या भावाबद्दल. त्याची चिंता खरी आहे. बारमध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचाचा दहा टक्के झाला, मग परवाना शुल्क वाढलं, मग हे उत्पादन शुल्क. १४ जुलै २०२५ ला राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस बंदही पाळला. बाटली घरी नेणाऱ्याला जो कर लागत नाही तो टेबलावर बसणाऱ्याला लागतो, ही त्यांची तक्रार मला पटते. मद्यार्क तोच, मग जागेवरून दोन दर का? पण त्यावर उपाय म्हणून कर सरसकट कमी करा, हे मी मान्य करणार नाही. भावाला तेवढं सांगा.

सही करा. पण ठरावातलं 'कर दुप्पट करा' हे वाक्य बदलून घ्या. दुप्पट म्हटलं की सरकार पुन्हा इंग्लिशचीच पट वाढवेल, तिजोरी भरेल आणि आणखी शंभर मालक खालच्या पायरीवर येतील. मी तुम्हाला मजकूर देते, गटात वाचून दाखवा, हवा तसा फिरवा:

"सर्व प्रकारच्या दारूवरचा कर तिच्यातील मद्यार्काच्या प्रमाणावर एकाच मापाने लावावा आणि देशी-विदेशीच्या किमतीतील तफावत टप्प्याटप्प्याने कमी करावी. कर एकदम न वाढवता दरवर्षी महागाईनुसार वाढवावा. वाढीव उत्पन्नातील ठरावीक हिस्सा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील व्यसनमुक्ती उपचारासाठी राखून ठेवावा. गावठी हातभट्ट्या आणि सीमेवरून येणारी दारू यांवर कारवाई करून तिचा अहवाल ग्रामसभेत ठेवावा."

निवेदन तहसीलदारांकडे द्या, पण त्यावर 'राज्य उत्पादन शुल्क विभाग' असं लिहायला विसरू नका आणि एक प्रत आमदारांना द्या. दिल्लीला पाठवून उपयोग नाही. पिण्याच्या दारूवरचा कर घटनेने राज्यांकडे दिलेला आहे, ती जीएसटीतही येत नाही. कुणी म्हणेल, त्यापेक्षा बाटली आडवी करू. तीही लढाई करा, गावात परवान्याचं दुकान असेल तर बायकांना मतदान मागण्याचा हक्क आहेच. पण ती लढाई वेगळी, तिचे कागद वेगळे. दोन्ही एका ठरावात कोंबू नका.

आता घरातलं. हे मी शेवटी लिहिते आहे, पण तुम्ही यातलं उद्यापासून करा. तुमची मजुरी तुमच्या एकटीच्या खात्यावर घ्या. खातं नसेल तर बचत गटाच्या अध्यक्षा पोस्टात किंवा बँकेत तुमच्यासोबत येतील, त्यांना सांगा. एटीएम कार्ड गटातल्या विश्वासातल्या बाईकडे ठेवायला लाजू नका. तांदूळ, तेल आणि पोरांच्या शाळेचं साहित्य पगाराच्या दिवशीच महिन्याचं भरा. डब्यात रोकड कमी असली की भांडणही कमी होतं, हे मी काउंटरवरून पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मालकांशी बोला, पण प्यायल्यावर नाही. सकाळी कामाला निघण्याआधी, चहाच्या वेळी. कॅलेंडर दाखवा, शब्द कमी वापरा. रोज दोन क्वार्टर पिणाऱ्या माणसाने एकदम बंद केलं तर हात थरथरतात, घाम येतो, भास होतात, कधी झटकेही येतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून शपथ घालून, देवापुढे नारळ ठेवून एका दिवसात सोडवायला जाऊ नका. आधी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, तिथे तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो, पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून हे काम करतंय. तिथे पाठवायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि आज मारहाण नाही, पण कधी हात उचलला तर १८१ वर फोन करायचा, एवढं मुलीलाही शिकवून ठेवा.

बायका काय म्हणतील, असं तुम्ही विचारलंय. बैठकीत कुणी टोमणा मारला तर त्यांना हिशेब वाचून दाखवा: १३० ची एक होती, ८० च्या दोन झाल्या. त्या गटातल्या आणखी दोघी-चौघींच्या घरात असंच झालं असणार. त्यांनी अजून कुठे लिहून ठेवलं नाही, एवढंच. तुम्ही लिहून ठेवलंत.

जून २०२५ पासूनची कॅलेंडरची ती पानं फाडू नका. दुधाचा हिशेब आणि नाव कागदाने झाकून त्यांची झेरॉक्स काढा आणि निवेदनाला मागे जोडा.

तुमची,
ताई